मास्तरांचं पातं

पोरांच्या कॉप्या पकडण्यात हयात घालवलेल्या मास्तरांचं दाढीचं एकधारी पातं दोन दाढ्यांतच बोथट व्हायला लागलं, तेव्हा त्यांचा संशय मुक्कामाला आलेल्या मेव्हण्यावर गेला. त्याची हनुवटी जरा जास्तच तुळतुळीत दिसत होती. मास्तरांनी पातं कपाटात कुलूपबंद केलं आणि किल्ली उशीखाली घेऊन झोपले. तरी सकाळी गाल सोलवटून निघाला. धुसफुसत त्यांनी पातं नेहमीसारखं टॉवेलनं खसाखसा पुसलं.

"अहो, अशानं धार जाते," बायको म्हणाली. "पातं नुसतं झटकून वाळू द्यायचं असतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या दादानं."

मास्तरांनी डोळे बारीक केले. "बघ. चोरून वापरल्याशिवाय एवढं कळत नाही."