कम्मूनाचं पोट

कम्मूना पिंजऱ्यात येत नव्हती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या अन्फूशी मोहल्ल्याच्या तीन गल्ल्यांतली एकेचाळीस मांजरं आम्ही चौघांनी दोन वर्षांत पकडली, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून आणली आणि परत सोडली. ज्याचं झालं त्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे पुन्हा पकडायला नको. अख्ख्या कानाची उरली ती एकटी, जिऱ्याच्या, आमच्या भाषेत कम्मूनच्या, रंगाची, म्हणून कम्मूना. एक मादी उरली की दोन वर्षांत पुन्हा गल्ली भरते. हे सांगून सांगून माझा घसा बसला. लोक माना डोलावतात आणि वर्षाला शंभर पिल्लं गाड्यांखाली चिरडली की हळहळतात. हळहळायला काही लागत नाही.

पिंजऱ्यात शिरायला मांजर उपाशी हवं. कम्मूना कधीच उपाशी नसायची. माझ्या खालच्या मजल्यावरची उम्म इन्शिराह, म्हणजे इन्शिराहची आई, तिला रोज जेवू घालायची. तिची एकुलती मुलगी इन्शिराह दमनहूरला दिलेली. चार वेळा गर्भ पडला, आता पाचव्यांदा राहिलेला, सातवा महिना. आईनं नवस केला होता: बाळाचा सातवा दिवस साजरा होईपर्यंत माझ्या ताटातला पहिला घास कम्मूनाचा.

"एक दिवस घालू नका," मी तिला म्हटलं होतं. "एकच दिवस."

"तू एक दिवस श्वास घेऊ नकोस. मग मीही घालणार नाही."

"मांजर उपाशी राहिलं म्हणून बायकांचे गर्भ पडत नसतात."

"तुला काय ठाऊक गं? तुझ्या पोटात कधी राहिलं का काही?"

भर गल्लीत म्हणाली. मासळीवाला ऐकत होता, इस्त्रीवाला ऐकत होता. मी वर आले, शिवणयंत्रावर बसले आणि एका तासात तीन सुया मोडल्या.

पण सोमवारी तीच माझ्या दाराशी आली. दोन दिवस मुलीकडे निघाली होती. हातात झाकलेली ताटली.

"भांडतेस तू, पण मांजरांना दगा देणार नाहीस," ती म्हणाली. "आजचा घास हा, उद्याचा हा. दुपारच्या अजानच्या आधी घाल."

मी ताटली घेतली. मान खाली घातली नाही की काही नाही, सरळ घेतली. सोमवारचा घास फ्रिजमध्ये ठेवला. कम्मूना जिन्यात येऊन दिवसभर ओरडली. मंगळवारी सकाळी तोच घास पिंजऱ्यात ठेवला. दार पडलं. दोन वर्षं ज्यासाठी झुरले ते दोन मिनिटांत झालं, आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर विसामनी टॉवेलमध्ये गुंडाळून तिचं पोट चाचपलं.

"मदाम सामिहा, ही गाभण आहे. चार तरी असतील. दहा दिवस राहिलेत."

"मग?"

"मग काय? तुम्हाला माहितीये. पिशवी काढली की तीही जातात. अशा सहा आणल्यात तुम्ही."

आणल्या होत्या. सहाही वेळा मी 'करा' म्हणाले होते आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसले होते. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात फोन वाजला. उम्म इन्शिराह.

"कम्मूना जेवली का गं? इन्शिराहला पहाटेपासून कळा येताहेत. सातव्या महिन्यात कळा! डॉक्टर म्हणतात, पलंगावरून पायसुद्धा खाली ठेवायचा नाही. सामिहा, जेवली ना ती?"

"नाही," मी म्हणाले. "काल घातलं नाही मी. पकडलीय तिला. दवाखान्यात आहे."

मी शिव्यांची वाट पाहिली. त्या मला पेलल्या असत्या.

"पोट फाडलं?"

"अजून नाही."

"तुझे हात चुंबते, पोरी. तुझे पाय चुंबते."

गल्लीतल्या बाप्यांना दमात घेणारी ही बाई. तिची ही गयावया ऐकून माझ्या अंगाची आग झाली. राग तिच्यावर, माझ्यावर, त्या पोटावर, सगळ्या पोटांवर. मी फोन बंद केला, डॉक्टरना नवसाचं सांगितलं आणि म्हटलं, "राहू दे."

"तुमचा विश्वास आहे या असल्या गोष्टींवर?"

"नाही. म्हणून तर एवढी चीड येते."

कम्मूनाला मी माझ्या न्हाणीघरात कोंडलं. तिनं माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला, पडदा फाडला, दिवसभर दारावर धडका मारल्या. मी बादली घेऊन स्वयंपाकघरात आंघोळ करायची. आम्हा चौघांतल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पिल्लांना घरं कोण देणार? लोकांना मऊ लांब केसांचं शिराझी मांजर हवं असतं, फोटो काढायला. गल्लीतलं म्हटलं की नाक मुरडतात. तरी मी पाच दारं वाजवली आणि पाच वेळा अपमान करून घेतला.

उम्म इन्शिराह दमनहूरलाच राहिली. रोज फोन. कळा कधी थांबायच्या, कधी पुन्हा यायच्या. ती मुलीचं सांगायची, मग विचारायची, "आणि ती?" मी सांगायची, "खाल्लं." कम्मूनासाठी मी स्वतःच्या ताटातला पहिला घास काढायला लागले होते. का, ते मला विचारू नका.

अकराव्या दिवशी दुपारी न्हाणीघरातला आवाज बंद झाला. मी दार उघडलं. पहिलं आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला फार वेळ लागला. चौथं आलं ते हललंच नाही. कम्मूनानं ते हुंगलं, एकदा चाटलं आणि तिघांकडे वळली. मी ते उचललं, टॉवेलात धरून घासायला लागले. तोंडातलं पाणी काढलं, डोकं खाली करून झटकलं, पुन्हा घासलं.

फोन वाजला. मी तो कानाशी खांद्यानं दाबून धरला.

"इन्शिराहला बाळंतपणासाठी आत नेलंय," ती म्हणाली. "आत्ताच नेलं. दार लावून घेतलं, मला बाहेर उभं केलंय. कम्मूनाचं काय?"

"व्याली."

"किती?"

"चार."

"चारही नीट आहेत?"

हातात ते ओलं, गार, जराही न हलणारं.

"चारही," मी म्हणाले. "दूध पिताहेत."

ती रडायला लागली. मी फोन घसरू दिला आणि ते पिल्लू पुन्हा घासायला लागले, जोरात, आणखी जोरात.