मला कुठे ठेवले

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला जाड दोऱ्याने शिवले आणि एका घड्याळजींनी मला विकत घेतले. चिमटे, भिंग, नाजूक चाके, सारे माझ्या पोटात. गावोगाव फिरून बंद घड्याळे चालू करायची, हा आमचा धंदा.

परक्या माणसाचे स्वागत कसे होते, ते मी मला कुठे ठेवतात त्यावरून ओळखायची. बंदराच्या गावात लोक लांबूनच "या, या!" करत मला हातातून ओढून घेत आणि चक्क खुर्चीवर बसवत. शहरात नुसती मान हले आणि मी पायपुसण्याजवळ. माळावरच्या वस्तीत आधी "कुठले तुम्ही? घरी कोण कोण?" आणि मग आत.

डोंगरातले एक गाव मात्र घड्याळजींच्या मनाला लागले. घड्याळजींनी "घड्याळवाला!" अशी आरोळी दिली, तेव्हा एका विणकर बाईने दार किलकिले करून आम्हाला पाहिले आणि एक शब्दही न बोलता दार लावून घेतले.

"साधं पाण्यालाही विचारलं नाही," ते पुटपुटले आणि तडक पुढच्या वाटेला लागले.

थोड्याच वेळात, भर दुपारी, धुके उतरले. झाडे विरघळली, पायाखालची वाटही गेली. डावीकडे दरी होती. त्यांनी मला खाली ठेवले आणि ते वाट चाचपू लागले.

तेवढ्यात त्या पांढऱ्या शांततेतून हाक आली, "ओ घड्याळवाले! जागचे हलू नका!" मग दुसरी, तिसरी. हाका तरंगत जवळ आल्या, आणि एका ओल्या हाताने मला अलगद उचलून घेतले. तीच विणकर बाई! घरी नेऊन तिने मला आपल्या गादीवर ठेवले.

"मघाशी दार का लावलंत हो?" घड्याळजींनी विचारले.

"अहो, बाळ खांद्यावर पेंगत होतं. त्याला निजवून येते तर तुम्ही गायब! त्यात हे धुकं. मग उठवलं सगळ्या गावाला."

घड्याळजींनी मान खाली घातली. "चुकलंच माझं, ताई."

आता घड्याळजी नाहीत. मी त्यांच्या लेकीच्या माळ्यावर पडून आहे. चामडे तडकले आहे. कधीतरी तेलाचा हात फिरवलात तर बरे वाटेल. पण मित्रांनो, खरे मागणे वेगळेच आहे. परक्या दारी गेलात आणि दार लागले, तर लगेच पाठ फिरवू नका. क्षणभर थांबा. आतून कुणीतरी, पावले न वाजवता, तुमच्याकडेच येत असेल.