न घसरलेला पाय

मार्गशीर्षाचे ऊन द्राक्षबागांवर उतरले होते. कोवळे, केशरवर्णी, दवबिंदूंत न्हालेले. पर्णमंडपाखाली हरितमण्यांचे घड लोंबत होते आणि बायका कात्र्या घेऊन विरळणी करीत होत्या. दाटीतले मणी खुडायचे, म्हणजे उरलेले फुगतात, त्यांना भाव येतो. खुडलेले मणी पायाखाली चिरडत होते आणि त्यांचा कच्चा, आंबूस वास उन्हात भरून राहिला होता.

त्या वासाने माडीच्या खिडकीत उभी असलेली हर्षदा ओकली.

कोरडेच ओकली, कारण पोटात काही नव्हतेच. अन्नाची किळस, पाण्याची किळस, स्वतःच्या हातांची किळस. ज्या घरात ती सून म्हणून आली, त्या घराच्या भिंतींची, भांड्यांची, माणसांची किळस. रात्र रात्र तिचा डोळा लागत नसे. घरात या सगळ्याला एकच नाव होते. "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या."

व्हायचाच! न झाला असता तर नवल म्हणायचे.

देवदर्शनाला म्हणून धैर्यशीलने, तिच्या नवऱ्याने, तिला गाडीत बसवले होते. गाडी थांबली ती परतालुक्यातल्या एका बंद शटरापाशी. तिथे कायद्याला चुकवून तिचे पोट तपासले गेले. मुलगी आहे, असे कळले. आणि ती नको म्हणत असताना, हात जोडत असताना, पाय धरत असताना, दुसऱ्याच दिवशी ते भरत आलेले पोट रिकामे केले गेले.

परतीच्या वाटेवर त्याने तिचा हात हातात घेतला. "विरळणी केल्याशिवाय माल भरत नाही, हर्षदा," तो म्हणाला. "एक ईश्वरी आहेच की आपल्याला." शी! आणि हे तो प्रेमाने म्हणाला हो, अगदी प्रेमाने.

गर्भ पाडणे तिला नवे नव्हते. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः होऊन तो पाडला होता. शिक्षण अर्धे होते, मूल नको होते. ती दवाखान्यात चालत गेली, स्वतःच्या हाताने सही केली, चार दिवसांनी परीक्षेला बसली आणि पासही झाली. त्याचे तिला ना पाप वाटले, ना पश्चात्ताप. तेव्हा तिला विचारले होते, आता विचारले नाही. एवढाच काय तो फरक, आणि केवढा फरक!

मग दूध आले. न बोलावता आले. शुभ्र, कोमट, भाबडे दूध. झंपर भिजला, चादर भिजली, उशी भिजली. वत्सलाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिची छाती फडक्याने करकचून बांधली. "दोन दिसांत आटंल," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

आता गावाला काय सांगायचे? न्हाणीत पाय घसरला, असे सांगायचे ठरले. एवढ्यावर भागवले असते तरी एक वेळ सोसले असते. पण मुलगी गेली म्हटले की गाव डोळे बारीक करते, तपासून घेतली होती काय, म्हणून कुजबुजते. मुलगा गेला म्हटले की तेच गाव गळा काढून रडते. म्हणून या सासूने मुलगी नको म्हणून पाडवली आणि मुलाचा शोक मांडला!

"नातू होता हो माझा!" म्हणत त्या ऊर बडवीत. बडवता बडवता डोळ्यांत खरे पाणी येई आणि त्या पाण्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसे. गवंडी बोलावून त्यांनी न्हाणीतली गुळगुळीत शहाबादी उखडली, खडबडीत फरशी बसवली, आणि समाचाराला येणाऱ्या एकेकीला हाताला धरून ती दाखवायला नेली. बायका त्या फरशीकडे बघून डोळ्यांना पदर लावीत. काय म्हणावे अशा माणसांना? शी, शी आणि शी!

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. चौरंगावर महालक्ष्मीचा घट मांडला गेला. हिरवी साडी, नाकात नथ, कमळनयनी मुखवटा. समयांचा पीतकोमल उजेड भिंतींवर हलत होता. हळदीकुंकवाला आळीतल्या बायकांनी सोपा भरून गेला. हर्षदाला जरीची साडी नेसवून, हातात कुंकवाची कोयरी देऊन मधोमध उभे केले होते.

कुंकू लावायचे आणि ऐकून घ्यायचे. हळद लावायची आणि ऐकून घ्यायचे.

"जपायचं होतंस गं पोरी."

"पोटुशी बाईनं कसं पाऊल बघून टाकावं."

शेजारच्या मळ्यातल्या शोभाकाकूंनी तर तिची हनुवटी धरून हलवली. "सोन्यासारखा लेक, हातचा घालवलास बाई." हर्षदाने त्यांच्याही कपाळाला कुंकू लावले. घशाशी आलेले गिळले. सुगंधी तेलाचा, गजऱ्यांचा, गोड दुधाचा, गोड गोड शब्दांचा तो वास! तिला वाटले, इथेच सगळ्यांच्या साड्यांवर भडभडून ओकावे.

तेवढ्यात ईश्वरी बायकांतून वाट काढत आली. पाच वर्षांची पोर, नव्या परकरात मिरवणारी. आईच्या निऱ्या धरून तिने वर पाहिले.

"आई, तू माझ्या भावाला पाडलंस?"

सोप्यातल्या बायकांच्या माना वळल्या. "आजी म्हणाली, तू नीट चालली असतीस तर मला राखी बांधायला भाऊ असता."

"बघा बाई, लेकराला पण कळतंय!" कुणीतरी हळहळले.

गाव काहीही म्हणो, ते तिने सोसले होते. पण ही? ही मोठी होणार, दर राखीला, दर भाऊबीजेला आईच्या पायांकडे बघणार आणि काही न बोलता बघत राहणार. हे मात्र हर्षदाला सोसवेना. तिने कोयरी खाली ठेवली.

"मी पडले नव्हते," ती म्हणाली.

आवाज कापरा निघाला, म्हणून तिने पुन्हा म्हटले, लख्ख, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "मी पडले नव्हते. मला फसवून नेलं होतं. आणि तुला भाऊ नव्हता, बाळा. बहीण होती. मुलगी आहे म्हणून तिला यांनी काढून टाकलं."

वत्सलाबाई हसल्या. त्या हसण्याने अंगावर काटा यावा. "डोक्यावर परिणाम झालाय हो तिच्या, मनावर घेऊ नका. धैर्या, हिला वर घेऊन जा."

धैर्यशील दारातून आत आला. बायकांनी त्याला वाट दिली; कुणी पदर सावरला, कुणी नजर खाली घातली. त्याने हर्षदाचे मनगट धरले.

"सोड तिला."

शोभाकाकू उठल्या होत्या. कपाळावरचे ओले कुंकू नाकावर ओघळले होते. "वेड न्हाय लागलं तिला, वत्सला," त्या म्हणाल्या. मग त्या हर्षदाकडे वळल्या. "मी बी पडले न्हवते गं. लई वर्सं झाली. मी बी न्हवते पडले."

भिंतीशी बसलेल्या एका तरण्या सुनेने पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिच्या शेजारची हुंदके देऊ लागली. धैर्यशीलच्या हातातून मनगट सुटले.

हर्षदा मटकन खाली बसली. इतक्या दिवसांचे रडे आता आले. मोकळे, मोठ्याने, गावाला ऐकू जाईल असे. कुणी तिला गप्प बस म्हणाले नाही. शोभाकाकूंनी तिचे डोके मांडीवर घेतले.

ईश्वरीने आईच्या गालावर हात ठेवला.

"आई, ती कशी होती?"

बाहेर दिवस मावळत होता, आत बायका रडत होत्या, आणि त्या रडण्यातून वाट काढत हर्षदाचे शब्द हळूहळू आले.

"लहान होती गं. लहान, फार लहान होती."