जालन्याची पाटी

कडूबाई सकाळीच गेली. जालन्याहून तिच्या दिराचा फोन आला, "दुपारी उचलणार. माहेरचं लुगडं घेऊन या, आम्ही जास्त थांबणार नाही."

पारूबाईची लेक सवाष्ण गेली होती. शेवटचं लुगडं माहेरचंच अंगावर पडायला हवं. तिनं हिरवं लुगडं पिशवीत घातलं. तिचा पोरगा राजेंद्र बूट चढवत म्हणाला, "मला सुट्टी नाय. तुझ्या लेकीनं शिकवलंय ना तुला वाचायला? जा की मग."

शिकवलं होतं खरं. आधीची दोन दगावली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, यमानं तोंडात धरू नये म्हणून. दिवाळीला आली की आईला समोर बसवून अक्षरं गिरवून घ्यायची. म्हणायची, "माय, लोकांला इचारू नको. गंडवतेत. पाटी वाच."

स्टेशनात दोन गाड्या उभ्या होत्या. वर लाल अक्षरं पळत होती. पारूबाई अक्षर जुळवेस्तोवर ती इंग्रजी व्हायची. भोंग्यातली बाई काय बोलली ते इंजिनानं गिळलं. शेजारी हमाल बसला होता. जन्मभर तिनं असल्या माणसालाच विचारलं होतं. आज तोंड उघडलं नाही. डब्यावरची पत्र्याची पाटी पळत नव्हती. जा-ल-ना. पुढं आणखी काही होतं, तेवढ्यात गाडी हलली. ती चढली.

खिडकीशी बसल्यावर, तेवढ्या दुःखातही, तिच्या मनात आलं : कडू, बघ, वाचलं मी.

पहिलं स्टेशन आलं. पिवळ्यावर काळी अक्षरं. दौ-ल-ता-बा-द.

"बापू, जालना कवा येतंय?"

समोरचा शेंगा फोडता फोडता थांबला. "जालना? आजी, ही नगरसोलला चालली. जालना पाठीमागं."

"पाटीवर हाय की!"

"जातायेता पाटी एकच असती. दोन्ही टोकांची नावं असतेत तिच्यावर. इचारायचं ना कुणाला."

"आजीला किल्ला बघायचा असंल," मागून कुणीतरी म्हणालं. डबा हसला.

ती उतरली. फलाटावर फोन वाजला. कडूचा दीर होता. कुठं आहे ते तिनं सांगितलं.

"दौलताबादला?" तो म्हणाला. "वहिनी गल्लीभर सांगत फिरायची, माय शिकली माझी. चांगली शिकली! उचलतोय आम्ही. लुगडं दुकानातून आणलंय."

त्याच्या मागं हलगी वाजत होती. फोन बंद झाला.

ती बाकावर बसून राहिली. पिशवीतल्या लुगड्याची घडीही मोडली नव्हती. उन्हं कलली तेव्हा तिनं एका माणसाला विचारलं, "बाबा, परतीची गाडी कंच्या बाजूला लागंल?"

त्यानं मोबाइलमधून मान न काढता बोट वर केलं. "लिहिलंय की तिथं. वाचता येत नाही का?"

पारूबाईनं वर बघितलं नाही.

"नाय बाबा," ती म्हणाली. "येत नाय."