पायऱ्यांत न बसणारं

"हे वाक्य उडव," भाची म्हणाली.

"का? त्यानं तुझं काय घोडं मारलंय?" मामांनी विचारलं.

"अरे मामा, ही पायरी नाहीये. 'कॉलरची शिवण उसवा', ही पायरी. 'कॉलर उलटून परत शिवा', ही पायरी. मधेच हे 'ज्याचा शर्ट आहे त्याला शेजारी बसवा, म्हणजे जरा तरी लाज वाटेल', हे काय आहे?"

"ती तुझी मामी आहे," मामा म्हणाले.

मामी जुने कपडे दुरुस्त करायची आणि ते कसे करायचे ते ब्लॉगवर लिहायची. रफू, काजं, अडकलेल्या चेन, सगळं. शिकवता शिकवता नवऱ्याची बिनपाण्याने करायची तिला सवय होती, आणि वाचणाऱ्या बायकांना तेच जास्त आवडायचं. ती गेल्याला वर्ष होत आलं. ब्लॉग जागच्या जागी होता, पण तिकडे आता चिटपाखरूही फिरकत नव्हतं. याचं मामांना फार लागलं होतं. ती गेली ते गेली, पण तिचं लिहिलेलंही असं गुपचूप नाहीसं व्हावं, हे त्यांना पटत नव्हतं.

भाची वेबसाइटींचं काम करायची. तिने निदान केलं, की लोक आता पानं उघडत नाहीत, फोनला विचारतात. आणि फोनमागच्या मशीनला मामीचं लिखाण उमगत नाही. त्यासाठी प्रत्येक लेखाच्या मागे, वाचणाऱ्याला न दिसणारी लेबलं लावायची. साहित्य कोणतं, वेळ किती, पहिली पायरी, दुसरी पायरी. म्हणजे मशीन ते उचलून लोकांना वाचून दाखवतं.

मामांचा सगळा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये लेबलं लावण्यात गेलेला. हे तर आपल्या हातचा मळ, असं त्यांना वाटलं होतं. पण या मशीनइतका खडूस साहेब त्यांना नोकरीतही भेटला नव्हता. एक स्वल्पविराम राहिला की सगळं पान लाल. वेळेच्या चौकटीत त्यांनी मामीचेच शब्द घातले, 'मन लागेल तेवढा', तर पुन्हा लाल. मशीनला मिनिटं हवी होती.

"लेख आहे तसाच राहणार आहे, मामा," भाची समजुतीने म्हणाली. "फक्त लेबलात हे घालू नकोस."

"आणि फोन काय वाचणार?"

"लेबलात असेल तेवढंच."

"बाकीचं?"

"बाकीचं त्याच्या लेखी नसतंच."

मामांच्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडणार कुणाशी? स्टोअरमध्ये हा नियम त्यांचाच होता. लेबल नसलेला माल मालच नव्हे. वर्षअखेरच्या तपासणीत असा एखादा चांगला कोरा पार्ट सापडला, तरी ते तो डोळे झाकून भंगारात टाकायला लावायचे. सगळे त्यांना कडक म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचं.

भाची पुन्हा आली तेव्हा मामांनी एकहाती सगळे लेख संपवले होते. तिने एक लेख उघडला, दुसरा उघडला आणि कपाळावर हात मारला.

"मामा, तू प्रत्येक वाक्याची पायरी केलीस?"

"हिरवी खूण आलीय बघ."

"ती येणारच. चौकट भरलीय एवढंच ते बघतं, काय भरलंय ते नाही. अरे, कॉलर उलटायच्या सातव्या पायरीत 'यांची आईही अशीच हट्टी होती' असं आहे. लोक हसतील."

"हसू देत. ती लिहायची तेव्हाही हसायचेच."

"आणि उद्या मशीननं ही पानं वाचायचीच सोडली तर? एवढा उपद्व्याप मग कशासाठी केला आपण?"

"सोडू दे," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "अर्धीच मामी ठेवायची असेल, तर मला काय करायचीय?"

भाचीने पायात चप्पल सरकवली. ती आपल्या घरी गेली. नंतर बरेच दिवस तिने त्या ब्लॉगचं नावही काढलं नाही.

मग एका रविवारी सकाळी ती आली, चप्पल काढून सरळ मामांसमोर बसली आणि फोन टेबलावर ठेवला. "बघू तरी काय दिवे लावलेत आपण," ती म्हणाली आणि फोनकडे वाकली. "स्वेटरच्या कोपराला पडलेलं भोक कसं रफू करायचं?"

फोन बातम्या सांगाव्यात तशा कोरड्या आवाजात बोलायला लागला.

"पायरी पहिली. स्वेटर उलटा करा. पायरी दुसरी. कोपरात एक वाटी उपडी घाला, म्हणजे टाके आवळणार नाहीत. पायरी तिसरी. आता उजेड लागेल. नवऱ्याला हाक मारा."

भाचीला हसू फुटलं. रागावायचं ठरवून आलेली, पण तिला ते आवरेना.

"पायरी चौथी. तो ऐकणार नाही. पुन्हा हाक मारा."

"आलो," मामा म्हणाले.

खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते अर्धे उठलेही होते. फोन तोवर पाचव्या पायरीवर गेला होता.