बानाबाईंचा पदराआडचा डोळा

मी डोळे तपासण्याचा एक जुना दिवा आहे. कागदोपत्री माझे नाव स्लिट लॅम्प. मित्रांनो, संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या एका लहान दवाखान्यात माझी पस्तीस वर्षे गेली. हनुवटी माझ्या वाटीत ठेवायची, कपाळ पट्टीला टेकायचे, की माझ्या उजेडाची बारीक चीर डोळ्यात उतरते. म्हातारे डॉक्टर मला रोज मऊ फडक्याने पुसत. आता ते नाहीत. त्यांची लेक योगिनी माझ्यासमोर बसते. माझे चाक कुरकुरते, भिंग धुरकटले आहे. खरे सांगू, मी थकलो आहे.

गेल्या उन्हाळ्यात देवगाव रंगारीकडून बानाबाई आल्या. मेंढ्या राखणारे घर. डावा डोळा गेलेला, म्हणून त्यावर कायम पदर. आता उरलेला उजवाही लाल झाला होता आणि कळप धुक्यात असल्यासारखा दिसत होता. डावा मागे गोवरात गेला, असे त्यांचे यजमान अजिनाथ घाईने सांगून मोकळे झाले.

डोळा असा आतून सुजण्याची कारणे पुष्कळ, हे योगिनीने समजावले. क्षय असतो, सांधेवात असतो, जंतू असतात, आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. रक्त तपासले, छातीचा फोटो काढला. कुठेच काही निघाले नाही. थेंब चालू असूनही आठ दिवसांत नजर आणखी उतरली.

मग योगिनीने पदर बाजूला करायला लावला आणि डावा डोळा माझ्यापुढे घेतला. माझ्या उजेडात बुबुळावर जुन्या जखमेचा व्रण दिसला.

"मावशी, हा गोवर नाही. काय लागलं होतं?"

अजिनाथ खिडकीबाहेर बघू लागले. बानाबाईंनी हनुवटी माझ्या वाटीतून उचलली.

"बाभळीचा काटा, बाई. दिवाळीत. शेळ्यांना पाला तोडताना. मोठ्या दवाखान्यात भरती व्हा म्हणले, पण मेंढ्या व्यायला आल्या व्हत्या. ह्यांनी काटा गावातच काढून घेतला."

"मग गोवर का सांगितलं?"

"माझ्या भावांनाबी गोवरच सांगितलाय. खरं कळलं असतं, तर त्यांनी ह्यांना दारात उभं केलं नसतं."

योगिनी रागावली नाही. एका डोळ्याला खोल जखम झाली, तर क्वचित काही महिन्यांनी शरीर आपल्याच चांगल्या डोळ्यावर उलटते, असे तिने सांगितले. उजव्याचे कारण डाव्यात होते. जड औषधे त्याच दिवशी सुरू झाली.

"पैल्याच दिशी सांगितलं असतं तर?" अजिनाथांनी हळूच विचारले.

"आठ दिवस वाचले असते, काका. या दुखण्यात आठ दिवस लई असतात."

आता बानाबाईंना कळप दिसतो, पण कोकरांची तोंडे ओळखू येत नाहीत. त्या आवाजावरून ओळखतात. दर महिन्याला येतात, आणि त्या स्टुलावर बसण्याआधी अजिनाथ स्वतःच्या हाताने त्यांचा पदर मागे सारतात.

माझ्या जागी नवे यंत्र यायचे आहे. मित्रांनो, मला कुणी पुसो न पुसो. पण माझ्यासारख्या दिव्यापुढे बसाल, तेव्हा दोन्ही डोळे दाखवा. गेलेलासुद्धा.