मंगळवारची गाठ

मित्रांनो, मी एक जुने लुगडे आहे. नऊ वारांपैकी आठ वार केव्हाच वाकळीत शिवले गेले. उरला आहे तो पदर, आणि तो या पितळी डब्यात घडी घालून ठेवला आहे. डब्याचे झाकण उघडले की मला गप्प बसवत नाही. माझ्या टोकाची ही गाठ पाहा. ती कुणालाच सुटत नाही. अशाच एका गाठीसाठी मी एकदा भर रस्त्यात चालती मोटार अडवली होती. सांगू लागले की अजूनही माझा धागा न् धागा ताठ होतो.

माझा जन्म बेळगावच्या शहापुरातला. ज्योतिबा नावाच्या विणकराने मला मागावर विणले. अंग हिरवे, काठ तांबडे. पदर विणायला घेतला तेव्हा तो सुताच्या नळ्या भरत बसलेल्या बायकोला म्हणाला, "ह्यो पदर घट्ट पायजे. बायकांचा निम्मा संसार ह्येच्याच टोकाला बांधलेला असतोय." तेव्हा मला ते कळले नाही. मी आपले तांबड्या काठाच्या तोऱ्यात होते.

१९३६ च्या दिवाळीला निपाणीच्या श्रीपालअण्णांनी मला आपल्या बायकोसाठी, राजमतीसाठी घेतले. त्यांची थोडी तंबाखूची शेती होती. राजमतीकडे आणखी एक लुगडे होते, पांढरे, स्वच्छ, बस्तीत जायचे. बस्ती म्हणजे आमच्या जैन घरांचे मंदिर. ते लुगडे पेटीत आरामात झोपायचे आणि अष्टमी-चौदसला तेवढे मिरवून यायचे. मी मात्र रोज अंगणात, तंबाखू चाळताना उडणाऱ्या धुरळ्यात. खोटे कशाला बोलू, मला त्या पांढऱ्याचा राग यायचा.

त्याच धुरळ्याने राजमतीचा उजवा डोळा दुखावला. "होईल बरा," म्हणत तिने दिवस काढले आणि बुबुळावर फूल पडले. त्या डोळ्याने दिसायचे बंद झाले. दोन वर्षांनी डावा डोळाही लाल झाला, गळू लागला, उजेड सोसेना. तेव्हा मात्र अण्णा तिला घेऊन धावले.

डोळ्यांचे डॉक्टर दर मंगळवारी चिकोडीहून मोटारीने यायचे, धर्मशाळेत बसायचे आणि बाराला परत जायचे. ते कानडी बोलणारे. मराठी बोलायचे, पण तोलून मापून. त्यांनी भिंगातून डोळा पाहिला आणि सांगितले, "उजवा गेला. डावा वाचतो. बारा मंगळवार यायचं, जखम मीच साफ करणार. एक मंगळवार चुकला तर इथंबी फूल. मग मी काय करू शकत नाही."

राजमतीने माझे टोक डोळ्याला लावले. मला तिचे कढत पाणी लागले. बारा मंगळवार, एवढेच तर होते.

पण इथेच खरी अडचण होती. राजमतीला तिथी विचारली तर झोपेतून उठूनही बरोबर सांगायची. वार विचारला की गडबडायची. तिचे सगळे आयुष्य अष्टमी, चौदस, पुनव यांवर चाललेले. डॉक्टर मात्र तिथीने येत नव्हते, वाराने येत होते.

अण्णांनी भिंतीवर कोळशाने बारा रेघा ओढून दिल्या. तिसऱ्या मंगळवारच्या आधी राजमतीने घर सारवायला काढले आणि स्वतःच्याच हाताने भिंतीसकट रेघा सारवून टाकल्या. मग ती माझ्याकडे वळली. सोमवारी सांजेला माझ्या टोकाला गाठ मारायची आणि मंगळवारी दवाखान्यातून आल्यावर सोडायची. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. ज्योतिबाचे बोलणे आता कुठे कळले.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. मंगळवारी सकाळी राजमतीने गाठ पाहिली आणि ती कशासाठी मारली तेच तिला आठवेना. विचार करकरून ती शेजारी गेली आणि विरजण मागून घेऊन आली. अण्णांनी वाटी पाहून कपाळाला हात लावला. "अगं, डोळ्याला विरजण लावणार हाईस काय?" दोघेही हसत हसत धर्मशाळेकडे पळाले.

त्या दिवशी राजमतीने औषधाच्या रिकाम्या बाटलीचे बूच मागून आणले. त्याला औषधाचा उग्र वास होता. तेव्हापासून ती बूच आत घालूनच गाठ मारू लागली. गाठ चाचपली की बूच लागायचे, वास आला की डॉक्टर आठवायचे. असे करत आठवा मंगळवारही पार पडला. डोळ्याची लाली उतरू लागली. मी तर स्वतःला अर्धे डॉक्टरच समजू लागले होते.

नववा मंगळवार आला आणि नेमकी त्याच दिवशी चौदस आली.

अण्णा आदल्या दिवशीच शेतावर मुक्कामाला गेले होते. सकाळी उठल्यापासून राजमतीच्या मनात चौदसच चौदस. अंघोळ केली, मला घाईघाईने धुतले, गाठीसकट पिळले आणि दोरीवर टाकले. पेटीतून पांढरे लुगडे काढून नेसली आणि बस्तीला गेली. जाताना सवयीने तिने पदराचे टोक चाचपले. पांढऱ्या पदराला कुठली गाठ? तिला वाटले, आज काही काम नाही.

मी दोरीवर लोंबत राहिले. ऊन चढले, डॉक्टरांची वेळ जवळ येत चालली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो, पण वाऱ्यावर मी किती फडफडले म्हणून सांगू! सगळे अंग वाळले, गाठ तेवढी ओलीच राहिली.

इतक्यात शेजारची नागुबाई मागून नेलेली चाळण परत द्यायला आली. ती विड्या वळणारी, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. तिची नजर माझ्या टोकाकडे गेली.

"ह्ये बघा, गाठ तशीच ठेवून धुतलंय. कुजंल की पदर," असे म्हणत ती गाठ सोडू लागली. पाण्याने आवळलेली गाठ सुटेना. तशी तिने सरळ दात लावले. माझा जीव धागाभर उरला. गाठ सुटली असती, बूच मातीत पडले असते आणि राजमतीचा डोळाही त्याबरोबर गेला असता.

पण दात लावताच नागुबाईचे तोंड कडू झाले. तिने थुंकून पुन्हा वास घेतला. मग गाठ दाबून पाहिली.

"औषधाचं बूच," ती पुटपुटली. "आज कंचा वार? काल सोमवारच्या विड्या देऊन आलो न्हवं मी. म्हंजे आज मंगळवार, आक्काच्या डाक्टरचा वार. आन आक्का तर पांढरं लुगडं नेसून बस्तीत गेल्यात."

तिने चाळण तिथेच टाकली, मला दोरीवरून ओढले आणि ती धावत सुटली. तंबाखूच्या वखारींपुढून जाताना तिला शिंकांवर शिंका आल्या, पण पाय थांबले नाहीत. बस्तीच्या पायरीशी ती उभी राहिली आणि मला उंच धरून हाक मारू लागली.

"राजमतीआक्का, भाईर या. ही गाठ कुणाची?"

राजमती बाहेर आली. एका डोळ्याने तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"नागू, आज चौदस हाय गं."

"चौदस बी हाय आन मंगळवार बी हाय."

"माझा आज उपास हाय. औषध कसं घ्यायचं?"

"आक्का, औषध डोळ्यात घालायचं हाय, तोंडात न्हाय. चला आधी."

नागुबाईने तिचा हात धरला आणि दोघी पळाल्या. मी नागुबाईच्या खांद्यावर होते. धर्मशाळेच्या वळणावर आलो तर समोरून मोटार येत होती. डॉक्टर आत बसलेले आणि ड्रायव्हर भरमू भोंगा वाजवत वेग वाढवत होता. दोघींनी हाका मारल्या. भोंग्यापुढे बायकांचा आवाज कुठला ऐकू जातो?

तेव्हा नागुबाईने माझे एक टोक राजमतीच्या हातात दिले, दुसरे आपण धरले आणि दोघींनी मला रस्त्यावर आडवे ताणले. हिरवे अंग, तांबडे काठ, सबंध रस्ताभर! मोटार अंगावर येत होती. त्या वेळी भीती वाटायला हवी होती, पण मला नुसता आनंद झाला. भरमूने करकचून ब्रेक दाबला. मोटार माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

डॉक्टर खाली उतरले. "याक तडा?" म्हणजे उशीर का, असे त्यांनी कानडीत विचारले. नागुबाईने माझी गाठ त्यांच्या नाकापुढे धरली आणि घडले ते सगळे सांगितले. डॉक्टर आधी गंभीर होते, मग हसले आणि बॅग उघडून मोटारीच्या पायरीवरच राजमतीला बसवले. डोळा साफ करून झाल्यावर ते म्हणाले, "आज तुम्ही आला नसता तर पुढच्या मंगळवारी मला काही करता आलं नसतं."

राजमती तिथेच, रस्त्यात, नागुबाईच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर ओरडले, "रडू नका, औषध वाहून जातं."

घरी आल्यावर नागुबाईने अडकित्ता मागितला आणि बुचाचे मधोमध दोन तुकडे केले. "अर्धं तुमच्या पदरात, अर्धं माझ्या. तुमी लुगडं बदलला तर माझं हायच. मी बदललो तर तुमचं." पुढचे तीन सोमवार दोघी एकमेकींसमोर बसून गाठी मारत होत्या. बाराव्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "इन्न बरब्याड." आता येऊ नका. राजमतीने हे कानडी शब्द गल्लीत घरोघरी जाऊन सांगितले.

ती शेवटची गाठ काही सुटली नाही. तिने सोडायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

१९४७ च्या ऑगस्टात गावात झेंडा चढायचा होता. ती सकाळ विसरणे कुणालाच शक्य नव्हते, तरी आदल्या दिवशी दोघींनी हसत हसत पदराला गाठी मारल्या. त्या दिवशी राजमती पांढरे लुगडे नेसली नाही. विटलेले, ठिगळ लावलेले मला नेसली. गर्दीत नागुबाईने विचारले, "आक्का, दिसतोय काय झेंडा?" राजमती डाव्या डोळ्याने वर बघत म्हणाली, "तिन्ही रंग दिसत्यात गं."

मित्रांनो, मी गाठ धरून ठेवली होती, हे खरे. पण नागुबाई आली नसती तर मी दोरीवर नुसतेच फडफडत राहिले असते. तुमच्या घरात कुणाचा दवाखान्याचा वार असेल, तर त्यांना नुसते 'लक्षात ठेवा' असे सांगून मोकळे होऊ नका. त्यांच्याकडून अर्धे बूच मागून घ्या.